स्वॅबची तारीख

माझ्याकडे एका फाईलची झेरॉक्स आहे. बावीस पानं. आमच्या आश्रमशाळेतल्या नववीच्या एका मुलीची. नाव-गाव सांगणार नाही, तिच्या वडिलांनी विश्वासाने झेरॉक्स काढू दिली आहे. या बावीस पानांत सलाईनच्या नोंदी आहेत, इंजेक्शनांची नावं आहेत, तीन एक्स-रे आहेत, चार वेळा केलेला सीबीसी आहे. पण पाचव्या दिवसापर्यंत एक गोष्ट कुठेच सापडत नाही. नाका-घशातला स्वॅब.

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण सिकलसेलचा पेशंट ज्या घरात आहे, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अशी घरं पाड्यापाड्यावर आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मुलीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. म्हणजे नुसती वाहक नाही, रुग्ण. ऑगस्टचे दिवस, बाहेर झड लागलेली. वसतिगृहात सर्दी-खोकल्याची साथ आली. तीसेक मुली एकदम खोकत होत्या. बाकीच्या चार दिवसांत पॅरासिटामॉल आणि गरम पाण्यावर उठून बसल्या. हिला मात्र दुसऱ्याच दिवशी छातीत दुखायला लागलं, दम लागायला लागला. आधी आरोग्य केंद्र, तिथून शहरातला दवाखाना. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ९१. एक्स-रेमध्ये खाली उजवीकडे पांढरा डाग. डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनिया आहे, ॲडमिट करा." मी म्हणालो, सिकलसेल आहे. त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं सुद्धा. लगेच अँटिबायोटिक सुरू झालं.

यात काही चुकलं असं मी म्हणत नाही. सिकलसेलच्या पेशंटला ताप आला की अँटिबायोटिक थांबवून ठेवायचंच नसतं. प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असतं ते पानथरी नावाचं इंद्रिय, रक्तातले जंतू गाळून काढण्याचं काम करतं. सिकलसेलमध्ये ते लहानपणापासून हळूहळू निकामी होत जातं. त्यामुळे न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत घात करू शकतो. तेव्हा अँटिबायोटिक दिलं ते बरोबरच.

प्रश्न पुढचा आहे. तिसऱ्या दिवशी ताप तसाच, दम जास्त. अँटिबायोटिक बदललं. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८६. "आता पुढे न्या." आपल्याकडे "पुढे" म्हणजे कुठे ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही सुरतला नेलं. रात्री दीडला पोचलो. ड्युटीवर एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने फाईल चाळली आणि मला पहिला प्रश्न विचारला, "सर, हॉस्टेलमध्ये अजून कोणाला सर्दी-खोकला आहे?"

चार दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही की तीस पोरींच्या सर्दीचा आणि हिच्या न्यूमोनियाचा काही संबंध असेल. ती माझी चूक.

त्याच रात्री स्वॅब घेतला. रिपोर्टची वाट न बघता फ्लूचं औषध, ऑसेल्टामिविर, सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला: इन्फ्लुएन्झा ए. मुलगी वाचली. रक्त चढवावं लागलं, सतरा दिवस तिथे काढले. वडिलांनी मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली, म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधीच तो हंगाम फिटला.

आता मुद्द्यावर येतो. मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकवतो. त्या सतरा दिवसांत आणि नंतर डॉक्टर मित्रांना विचारून, वाचून जे कळलं ते माझ्या भाषेत मांडतो. चूक असेल तर डॉक्टरांनी कमेंटमध्ये कान धरावा.

पहिली गोष्ट, एक्स-रेवरच्या पांढऱ्या डागाला नाव नसतं. बॅक्टेरिया असो, व्हायरस असो, टीबी असो, डाग पांढराच. सिकलसेलमध्ये तर आणखी एक भानगड आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्तपुरवठा तुंबतो, छातीत दुखतं, ताप येतो, दम लागतो आणि एक्स-रेवर तसाच डाग दिसतो. त्याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. पुष्कळदा त्याला सुरुवात करून देणारा असतो साधा व्हायरस. म्हणजे न्यूमोनिया की चेस्ट सिंड्रोम असा सरळ निवाडा होत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. आणि आपल्याकडची ती सवय, पेशंट थकलेला दिसला की सलाईनवर सलाईन, ती अशा फुफ्फुसाला महागात पडू शकते.

दुसरी गोष्ट, रक्ताचा रिपोर्ट इथे दिशाभूल करतो. आम्हाला सांगितलं होतं, "पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे बॅक्टेरियाच." पण सिकलसेलच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी एरवी, काही आजार नसतानासुद्धा, वाढलेल्या असू शकतात. तिच्या जुन्या कार्यक्रमाच्या कागदावर तो आकडा होता. कोणी जुना कागद मागितला नाही. किमोथेरपी घेणाऱ्याचं नेमकं उलटं असतं. त्याच्या पेशी इतक्या कमी की शरीराला लढाई सुरू झाल्याची खूणसुद्धा दाखवता येत नाही. ताप बेताचा, खोकला बेताचा, सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ, आणि दोन दिवसांत पेशंट व्हेंटिलेटरवर. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचं दुखणं पुस्तकाप्रमाणे बोलत नाही, म्हणून त्याला लक्षणांवरून ओळखणं धोक्याचं. जंतूच शोधावा लागतो.

आणि कमी प्रतिकारशक्तीची माणसं म्हणजे कोणी दूरची नव्हेत. सिकलसेल आहेच. एआरटी सेंटरच्या रांगेत उभी राहणारी आहेत. डायलिसिसवाले, शुगरवाले आहेत. मुंबई-नाशिकहून किमो घेऊन गावी परतणारे आहेत. धडगाव-अक्कलकुव्यातली तीव्र कुपोषित बाळं आहेत, ज्यांना न्यूमोनिया झाला तरी अंग तापत नाही, खोकायला ताकद नसते. तिथे आशाताईने घड्याळ लावून मोजलेले श्वास हीच पहिली तपासणी. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, वर्षाच्या वर ४० किंवा जास्त, की उचला आणि चला. आणि शेवटचा गट, ज्याची नोंद कुठेच नसते: गुडघेदुखी, दमा, अंगदुखी, सगळ्यावर एकच "पॉवरचं इंजेक्शन" घेणारे. बोगस डॉक्टरच्या त्या बाटलीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेतलं की प्रतिकारशक्ती पडते आणि ताप झाकला जातो. पेशंट सांगत नाही, कारण त्याला माहीतच नसतं.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. नियम आहे! स्वाइन फ्लूच्या वेळेपासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत, पेशंटचे ए, बी, सी असे गट पाडणाऱ्या. साधी सर्दी असेल तर गट ए, घरी बसा. पण फ्लूसारखी लक्षणं आणि सोबत जोखमीचा आजार असेल तर गट बी. त्या जोखमीच्या यादीत फुफ्फुस, हृदय, किडनी, मधुमेह, कॅन्सर, एचआयव्ही, बराच काळ स्टिरॉइड घेणारे यांच्यासोबत स्पष्ट लिहिलंय, रक्ताचे विकार. सिकलसेल त्यातच आलं. या गटाला तपासणीसाठी थांबू नका, ऑसेल्टामिविर द्या. आणि दम लागला, छातीत दुखलं, तर गट सी: भरती करा, स्वॅब घ्या, औषध लगेच सुरू करा. आमची मुलगी पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, गट सी होती. हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं काम करतं. उशिरा दिलं तरी गंभीर पेशंटला उपयोग होऊ शकतो, म्हणून सुरतला दिलं. पण ते ४८ तास आम्ही नंदुरबारमध्येच घालवले.

कोणी म्हणेल, ऑगस्टमध्ये कसला फ्लू, फ्लू थंडीत येतो. थंडीत येतो ते युरोप-अमेरिकेत. आपल्या महाराष्ट्रात पावसाळ्यात एक लाट असते आणि थंडी सरताना दुसरी. नेमकं पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड पडते, नर्मदेकाठच्या पाड्यांवरून पेशंट झोळीत किंवा बार्जवर येतो. घरातून निघून डॉक्टरपर्यंत पोचायलाच दीड दिवस गेलेला असतो. त्याच्या ४८ तासांतले उरले किती?

आपल्या जिल्ह्याला व्हायरस म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, एच५एन१ निघाला, लाखो पक्षी मारले गेले. माणसांचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीत तपासले, नशीब की माणसांत काही सापडलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. कुक्कुटपालन करणारी कितीतरी घरं बसली, ते दुःख मोठंच आहे. पण बघा, कोंबडी मेली की नमुना घ्यायचा, पाठवायचा, नाव शोधायचं, हे आपल्याला पाठ झालं. माणसाच्या बाबतीत अजून "छातीत इन्फेक्शन" एवढ्यावर भागतं.

त्याच २०२१ साली भारतात एच५एन१ने माणसाचा पहिला मृत्यू नोंदला गेला. तो नवापूरशी संबंधित नव्हता, हरियाणातला एक लहान मुलगा होता, दिल्लीच्या एम्समध्ये. ही केस मी मुद्दाम सांगतोय, कारण आपला विषय त्यात पूर्ण आहे. त्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता. प्रतिकारशक्ती जवळपास नाही. जूनमध्ये भरती झाला, ताप, खोकला, दम. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीने फुफ्फुसात पाणी सोडून परत ओढून घेतलेला नमुना तपासला. कोविड नाही. इन्फ्लुएन्झा निघाला, पण नेहमीच्या किटला त्याचा प्रकार ओळखता येईना. नमुना पुण्याला एनआयव्हीत गेला आणि तिथे एच५एन१ असल्याचं कळलं. तोपर्यंत मुलगा गेला होता, १२ जुलैला. देशातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात ही गत. यातून "मग आपलं काय होणार" असा अर्थ काढू नका. मला त्यातून दिसतं ते वेगळं: तिथे कोणीतरी हट्टाने विचारलं की हा व्हायरस नक्की कोणता. नाही तर त्या मुलाच्या कागदावरही "ब्लड कॅन्सर, न्यूमोनिया" एवढंच राहिलं असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे व्हायरस नाही असं नसतं. आजार खाली फुफ्फुसात उतरलेला असतो, नाकात काही सापडत नाही. कमी प्रतिकारशक्तीच्या पेशंटमध्ये पहिला स्वॅब निगेटिव्ह आणि संशय पक्का असेल तर दुसरा घ्यावा लागतो, किंवा खालून नमुना काढावा लागतो. तो काढणं सगळीकडे जमणार नाही, मान्य. पण मग पेशंट "पुढे" पाठवताना कशासाठी पाठवतोय ते चिठ्ठीवर लिहा ना! "पुढील उपचारासाठी" या तीन इंच रुंद शिक्क्यातून पुढच्या डॉक्टरला काय कळणार?

मला काहींनी तोंडावर विचारलं, "गुरुजी, व्हायरसला औषधच नसतं, मग तपासणीचा खर्च कशाला?" प्रश्न बरोबर आहे, उत्तर अर्धवट माहितीचं आहे. बऱ्याच व्हायरसना औषध नसतं, हे खरं. फ्लूला आहे, आणि ते आता सरकारी पुरवठ्यात असतं. अवयव बदललेल्या किंवा एचआयव्हीच्या पेशंटला सीएमव्ही नावाचा व्हायरस त्रास देतो, त्यालाही आहे. शिवाय व्हायरसासारखाच दिसणारा एक न्यूमोनिया मुळात बुरशीचा असतो, न्यूमोसिस्टिस. एचआयव्हीत सीडीफोर २०० च्या खाली गेलं की तो येतो. त्याचं औषध म्हणजे कोट्रायमोक्साझोल, आरोग्य केंद्रात मिळणारी साधी गोळी, फक्त मोठ्या डोसात. एचआरसीटीवर तो कोविडसारखा दिसतो. आठवतंय ना २०२१? प्रत्येक घरात स्कोअर पाठ होता, "काकांचा बारा, मामाचा अठरा." त्या स्कोअरने फुफ्फुस किती व्यापलंय ते सांगितलं, कोणी व्यापलंय ते नाही सांगितलं. त्या काळात कोविड म्हणून स्टिरॉइड घेतलेल्यांत खरोखर कोविडचे किती आणि दुसऱ्याच कशाचे किती, हा हिशोब आता कोणी करणार नाही.

आणि व्हायरस कळला की वसतिगृहातल्या बाकीच्यांचंही बघता येतं. आमच्या शाळेत आणखी काही सिकलसेलच्या मुली आहेत. त्या पहिल्या आठवड्यात हिच्या शेजारच्या कॉटवर झोपत होत्या. रिपोर्ट सहाव्या दिवशी आला तेव्हा आम्ही त्यांना वेगळं केलं. सहाव्या दिवशी!

आता मशीनचं. कोविडच्या सुरुवातीला आपले स्वॅब जिल्ह्याबाहेर जायचे, रिपोर्ट येईपर्यंत माणूस बरा झालेला किंवा गेलेला असायचा. मग आपल्याकडे आरटीपीसीआरची सोय झाली. मेडिकल कॉलेज २०२० मध्येच आलं. डॉ. राजेंद्र भारूड कलेक्टर असताना दुसऱ्या लाटेच्या आधी ऑक्सिजनचे प्लांट उभे राहिले, एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली-मुंबई तडफडत होती तेव्हा देशभर नंदुरबारचं नाव निघालं. म्हणजे ठरवलं तर आपल्याला जमतं. आरटीपीसीआरच्या मशीनला कोविड आणि फ्लू यात भेदभाव नसतो, किट बदलायचं असतं. टीबीसाठी जे सीबीनॅट मशीन वापरतात, त्याच्यासाठी तर कोविड, फ्लू आणि लहान बाळांना छळणारा आरएसव्ही असं एकत्र तपासणारं कार्ट्रिज मिळतं, तासाभरात उत्तर देतं. अडचण काय, तर मशीन क्षयरोग विभागाचं, कार्ट्रिज दुसऱ्याच हेडमधून, सिकलसेल तिसऱ्याच कार्यक्रमातलं. पेशंटचं फुफ्फुस मात्र एकच.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. शाळेत येऊन पोरांची बोटं टोचून जातात, कार्ड वाटतात. चांगलं आहे, मी स्वतः रांगा लावून दिल्यात. पण ते कार्ड कशासाठी? लग्न जुळवताना बघायला एवढंच? कार्ड असलेल्या मुलाला ताप-खोकला आला तर त्या दिवशी दवाखान्याने नेमकं काय करायचं, हे चार ओळींत त्या कार्डाच्या मागे छापायला काय हरकत आहे? माझ्या मते या असाव्यात: ऑक्सिजन मोजा. अँटिबायोटिक लगेच. फ्लूचा संशय असेल तर ऑसेल्टामिविर लगेच. स्वॅब आजच. मराठीत छापा, म्हणजे बापालाही वाचता येईल आणि त्याला डॉक्टरसमोर बोट ठेवून दाखवता येईल. आपला माणूस डॉक्टरला प्रश्न विचारत नाही. पण छापील कागद दाखवायला तो घाबरत नाही, हे मी वीस वर्षं दाखले-उतारे भरताना बघितलंय.

फ्लूची लस दरवर्षी घ्यायला लागते, सिकलसेलवाल्यांनी घ्यावी असं सांगतात, पण मोफत लसीकरणाच्या यादीत ती नाही. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्ते, मोऱ्या, सभामंडप यांची यादी असते. आमच्या लोकप्रतिनिधींना, सगळ्या पक्षांच्या, माझी विनंती आहे: पावसाळ्याआधी जिल्हा रुग्णालय, शहादा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, मोलगी इथे फ्लूच्या तपासणीचे किट आणि ऑसेल्टामिविर किती शिल्लक आहे, लहान मुलांचं सिरप आहे का, हा एक प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा.

आणि तुम्ही, जे इथपर्यंत वाचत आलात. घरात सिकलसेल, एचआयव्ही, किमो, डायलिसिस असलेल्या कोणाला गेल्या दोन-तीन वर्षांत न्यूमोनियासाठी भरती केलं असेल तर ती फाईल काढा. कपाटावर, पत्र्याच्या पेटीत असेल. त्यात स्वॅब घेतल्याची तारीख आहे का बघा. कमेंटमध्ये नाव, गाव, दवाखाना काही लिहू नका. फक्त भरती केल्यापासून कितव्या दिवशी स्वॅब घेतला तो आकडा लिहा. घेतलाच नसेल तर शून्य. आमचा आकडा मी आधी लिहून ठेवतो: पाच.